मूठभर माघारी

गिरणीत ज्वारीचा डबा काट्यावर ठेवला आणि मागून आवाज आला, "काय हो ताई, थांबलं वाटतं आता?" नेमकं तेव्हाच आधीचं गव्हाचं दळण संपून चक्की बंद झाली होती, पट्ट्याची घरघर विरत चालली होती, त्यामुळे मला आधी वाटलं चक्कीबद्दलच बोलतायत. वळून पाहिलं तर शेजारच्या इमारतीतल्या बाई, आणि त्यांची नजर माझ्या कमरेवर. दिवाळीत याच बाईंनी जिन्यात माझा हात धरून म्हटलं होतं, "अहो, ओळखलंच नाही मी तुम्हाला!" आता फेब्रुवारी होता. "हो, जरा थांबलंय," एवढंच म्हणाले, दळण संध्याकाळी नेते असं गिरणीवाल्यांना सांगितलं आणि बाहेर पडले. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. पाऊस थांबला का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. पण दळणाच्या रांगेत उभं राहिलं की पीठ जसं भुवयांत, केसांत न कळत बसतं तसा तो शब्द अंगावर बसला आणि घरापर्यंत आला.

थांबलं होतंच. ९१.८ वर. सात आठवडे.

बाथरूमच्या दाराशी तिसऱ्या फरशीवर आमचा वजनकाटा असायचा. तीच एक फरशी सपाट आहे, बाकीच्यांवर आकडा डुगडुगतो. रोज पहाटे सहाला, चहाच्या आधी, हातातल्या बांगड्या काढून बेसिनवर ठेवायच्या, श्वास सोडायचा आणि चढायचं. वजन उतरवायचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ११८ किलो होते, उंची पाच फूट एक इंच, सोबत बारा वर्षांची साखर आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा तो वेगळा. स्लीव्ह केली. म्हणजे जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग कापून काढतात, उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. पहिले महिने आकडा असा उतरत गेला की रोज सकाळी तो पाहणं ही दिवसातली सगळ्यात सुखाची गोष्ट होती. पंधरा दिवसांत साखरेच्या गोळ्या अर्ध्यावर आल्या. चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात येऊ लागले तेव्हा रडू आलं, पण तेही काट्यावर उभं राहिलं की विसरायला व्हायचं. आयुष्यात पहिल्यांदा शरीर माझं ऐकतंय असं वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा काटा अडकला होता. त्याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती: सुरुवातीला उतरतं त्यात यकृत आणि स्नायूंतली साठवणीची साखर असते, आणि तिच्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी जातं, ते संपलं की शरीर थोडं दम घेतं. दहा दिवसांत तो अडसर आपोआप निघाला. त्यामुळे डिसेंबरअखेर आकडा पुन्हा तिथंच दिसायला लागला तेव्हा मी निश्चिंत होते. दुसऱ्या आठवड्यात काट्याचे सेल बदलले. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याला त्याच्यावर उभं केलं, त्याचं वजन बरोबर दाखवलं. चौथ्या आठवड्यात मी रात्री उठून काट्यावर चढायला लागले.

ही भीती ज्यांनी ऑपरेशन केलेलं नाही त्यांना सांगून कळणं अवघड आहे. डाएट फसलं तर दुसरं डाएट असतं, सोमवार पुन्हा येतो. ऑपरेशन हा शेवटचा उपाय म्हणून केलेला असतो. त्यासाठी पैसे मोडलेले असतात, सासरी-माहेरी वाद घातलेले असतात, "एवढं कापून घेण्यापेक्षा तोंड बंद ठेवलं असतं तर" हे ऐकून गिळलेलं असतं. तेच जर इथं थांबलं तर पुढे काही उरतच नाही, असं रात्री तीनला वाटतं. त्यात मी वाचत सुटले होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा हजारो रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं, त्याचा आलेख माझ्या फोनमध्ये होता. वजनाची रेघ वर्ष-दोन वर्षं खाली जाते आणि मग हळूच वर वळते. ती रेघ पुढे वर्षानुवर्षं मूळ वजनाच्या बरीच खाली राहते, हेही त्याच आलेखात दिसतं. मला मात्र फक्त ते वळण दिसायचं. माझं वळण पाचव्या-सहाव्या महिन्यातच आलं, असं मी धरून चालले होते.

मग मला येत होतं ते मी केलं. कमी केलं. संध्याकाळचं मुगाचं धिरडं बंद. दुपारची चतकोर भाकरी बंद. सकाळच्या दोन अंड्यांचं एक झालं. तळजाईच्या टेकडीला एक फेरी असायची तिच्या दोन केल्या, मग तीन. चाळीस वर्षं हाच एक धडा गिरवला होता, की वजन उतरलं नाही तर चूक माझी आणि शिक्षा पोटाला. शाळेत असताना सांगोल्याच्या गिरणीत धान्याच्या लोखंडी काट्यावर मामांनी मला उभं केलं होतं. पोत्यांच्या शेजारी. वजनं चढवत गेले आणि रांगेतल्या बायका मोठ्यानं आकडा सांगत गेल्या. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. मी उपाशी राहिले याचं त्या दिवशी घरात सगळ्यांनी कौतुक केलं, एक आजी सोडून.

फेब्रुवारीतल्या त्या उपासानं काटा हलला नाही. हललं ते बाकीचं. बँकेत एसी तोच, खुर्ची तीच, पण मी स्वेटर घालून बसायला लागले. घरी पाण्याचा ग्लास हवा असला तर मुलाला हाक मारायची, स्वतः उठायची नाही. फोनवर बोलताना येरझाऱ्या घालायची माझी सवय, ती कधी सुटली कळलंच नाही. तीन फेऱ्या मारून आले की उरलेला दिवस मी कशाला तरी टेकून काढत होते. आणि संध्याकाळी साडेपाचला चिवड्याचा डबा. भाकरीचे तीन घास जरा घाईनं खाल्ले तर छातीत दगड बसतो, डोळ्यांत पाणी येतं. पातळ पोह्यांचा चिवडा मात्र वाटीभर गेला तरी त्या नळीला पत्ता लागत नाही, विरघळून सरकतो. खाकरा तसाच, मारी बिस्किट तसंच. दिवसभर धिरडं नाकारायचं आणि संध्याकाळी उभ्या उभ्या, ओट्याशी, दिवा न लावता चिवडा खायचा. हे मी वहीत लिहीत नव्हते.

नवव्या आठवड्यात डाएटिशियनकडे गेले ती वही घेऊनच. तिशीतली मुलगी आहे, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं वही शेवटापासून उलटी वाचली, पेन्सिलीनं कडेला आकडे मांडले आणि मान वर करून विचारलं, "ताई, तुम्हाला हल्ली थंडी वाजते का?"

वहीत थंडीबद्दल एक अक्षर नव्हतं. मला बोलताच येईना.

मग तिनं सावकाश सगळं विचारून घेतलं. झोप किती, जिना चढताना मांड्या थरथरतात का, संध्याकाळी काय होतं. चिवड्याचं मी सांगितलं. ती रागावेल म्हणून तयारीत होते. तिनं "साडेपाचला ना?" म्हणून लिहून घेतलं, तपासणीत साखर लिहून घ्यावी तसं. मशीनवर उभं करून स्नायू आणि चरबी वेगवेगळी मोजली. गेलेल्या २६ किलोंत स्नायूही बरेच गेले होते. प्रोटीन दिवसाला किमान ६० ग्रॅम हवं, माझं पेन्सिलीच्या हिशोबानं ३८ भरलं. लोह कमी, बी-१२ कमी. शरीर लहान झालं की त्याला कमी लागतं, हे कुणालाही कळतं, ती म्हणाली, पण ते त्याहूनही जास्त काटकसर करतं. अमेरिकेतल्या वजन उतरवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं, त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. त्यांच्या वजनाच्या माणसाला बसल्या जागी जेवढं लागायला हवं त्यापेक्षा त्यांचं शरीर रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. इतक्या वर्षांनंतरही. "तुम्ही कमी द्याल तसं ते खर्च कमी करतंय. हात-पाय गार ठेवतंय, तुम्हाला खुर्चीतून उठू देत नाहीये. ते तुम्हाला सांभाळतंय ताई." आणि मग तिनं जे लिहून दिलं ते वाचून मला खरंच राग आला. माझं खाणं वाढवलं होतं.

रिक्षात बसल्यावर राग होता, स्वारगेटच्या सिग्नलपर्यंत तो उतरला, कारण मला आजीचा हात आठवला. आमच्या घरी ज्वारीची कणगी होती, शेणामातीनं लिंपलेली. दळणासाठी ज्वारी काढायची तर आजी मापटं भरभरून सुपात ओतायची आणि शेवटच्या मापट्यातली एक मूठ परत कणगीत टाकायची. "मूठभर माघारी," असं पुटपुटत. सुगी चांगली झालेली असली तरी, कणगी काठोकाठ असली तरी. लहानपणी मी विचारलं होतं, आता तर भरपूर आहे ना? तिनं उत्तर दिलं नव्हतं, नुसती कणगीच्या झाकणावर थाप मारली होती. ७२ च्या दुष्काळात त्याच कणगीचा तळ तिनं हातानं खरवडला होता, हे मला फार नंतर समजलं.

तो दुष्काळ आमच्याकडे अजून तारखेसारखा वापरतात. माझा जन्म मार्च १९७३ चा. आई त्या पावसाळ्यात, म्हणजे न आलेल्या पावसाळ्यात, माझ्या वेळी दिवस गेलेली. सातव्या महिन्यापर्यंत ती तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होती. रेशनला मिलो यायची, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, तिच्या भाकरीला ना चव ना वास. कामावर सुकडी मिळायची. आई अर्धी तिथं खायची आणि अर्धी पदराच्या गाठीला बांधून आजीसाठी आणायची. ही गाठ तिनं मला अनेकदा करून दाखवली आहे. सांगताना आपोआप तिचे हात पदराकडे जातात.

ऑपरेशनच्या आधी आमच्या डॉक्टरांनी एक फोटो दाखवला होता, तो त्या रिक्षात पुन्हा डोळ्यांपुढे आला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत, २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला तो फोटो. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं वर्षानुवर्षं अभ्यासली. आपली बाळं जन्मतात ती हडकुळी दिसतात, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण त्यांच्यात कमी भरतात ते स्नायू. चरबी त्या चिमुकल्या अंगानं जपून ठेवलेली असते. आईच्या पोटात जे कमी पडतं त्याचा हिशोब बाळ असा लावतं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गर्भात असलेल्यांचेही असेच अभ्यास झाले आहेत. तलावाच्या त्या कामावरून माझ्या ११८ किलोंपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. मध्ये पन्नास वर्षांचं खाणं आहे, बसणं आहे, बाळंतपणं आहेत. मलाही ती रेघ ओढायची नाही. पण ज्या शरीराला मी नऊ आठवडे हट्टी, कृतघ्न म्हणत होते, त्याचा हात मला पहिल्यांदाच ओळखीचा वाटला.

त्या भरात मी एक चूक केली. रात्री आईला फोन लावला आणि हे सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल, माझ्या लठ्ठपणात माझा आळशीपणा नाही हे तिला पटेल. ती ऐकत राहिली. पलीकडे गोठ्यातली घंटा वाजत होती. मग म्हणाली, "म्हंजी माज्या पोटात तुला मिळालं न्हाय, म्हनून व्हय?"

मी नाही नाही म्हणत राहिले. तिनं "बरं, जेव," म्हणून फोन ठेवला.

आठ दिवसांनी ती एसटीनं आली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, एकटी. पिशवीत चार किलो हुलगे. फोनवरचं ती बोलली नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर हुलगे भाजल्याचा वास, लहानपणी पावसात भिजून आलं की यायचा तो. पाट्यावर भरडता येईना म्हणून मिक्सरवर रागावली, मग पीठ करून त्याचं माडगं केलं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालून. मी वाटीचा फोटो डाएटिशियनला पाठवला. तिचं उत्तर आलं: हुलग्यात प्रोटीन भरपूर, अर्धी वाटी सकाळी, गूळ न घालता. आईला वाचून दाखवलं तर तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. ‘भरपूर’ या शब्दापाशी ती थांबली.

जेवणाला मला पंचवीस मिनिटं लागतात. आधी पनीर किंवा अंडं किंवा डाळ, मग भाजी, जागा उरली तर भाकरी, आणि पाणी अर्ध्या तासानं. घरातले बाकीचे उठून जातात, त्यात त्यांचा दोष नाही. आई बसून राहायची. पहिले दोन दिवस माझ्या ताटाकडे बघत, मग स्वतःही सावकाश खात, माझा घास गिळून होईपर्यंत तिचा पुढचा घास हातात तसाच. साडेपाच वाजले की चिवड्याच्या डब्याऐवजी ओट्यावर ताकाचा पेला असायचा, त्यात प्रोटीनची पावडर तिनं स्वतः घुसळलेली. दिवा लावलेला असायचा. मी बसून प्यायचे.

आठवड्यातून तीन दिवस व्यायाम सुरू झाला, चालणं एकाच फेरीवर आणलं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, रबरी पट्टा दाराला अडकवून ओढायचा, दोन किलोचं वजन डोक्यावर न्यायचं. पहिल्याच आठवड्यात काटा ९२.४ झाला. वर. मी बाथरूमच्या दाराशी खाली बसले. स्नायूंना नवा ताण पडला की ते पाणी धरतात, हे मला सांगून ठेवलेलं होतं, वहीत लिहिलेलंही होतं, पण त्या फरशीवर ते काही कामाला आलं नाही. नवऱ्यानं काही न बोलता स्टूल घेतलं आणि काटा माळ्यावर टाकला, पाहुण्यांच्या गाद्यांमागे. पहिले काही दिवस पहाटे सहाला जाग यायची आणि पाय तिकडे वळायचे. बांगड्या काढून ठेवायचे आणि मग आठवायचं. मग एक दिवस साडेसहापर्यंत झोप लागली. मग स्वेटर खुर्चीवर तसाच राहिला. एकदा फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, "अगं बस की, किती फिरतीस," आणि मी हॉलच्या मध्यावर उभी होते.

पाडव्याच्या आदल्या रविवारी काटा खाली काढला. ९०.९. मी दोनदा पाहिलं. वाटलं होतं मोठ्यानं ओरडेन, डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही, म्हणजे आनंद झाला, पण तो काट्याएवढाच होता, घराएवढा नव्हता. त्यानंतर उतरलं, पुन्हा अडकलं, पुन्हा उतरलं. अजूनही अडकतं. साडेतीन आठवडे अडकलं होतं मध्ये. भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. भीती वाटली की मी आता आधी हात गालाला लावून बघते, गार आहेत का.

एप्रिलमध्ये आई परत निघायच्या आदल्या दिवशी दळण संपलं. तिनं ज्वारीचा पिंप उघडला. आमच्याकडे मापटं नाही, स्टीलचं भांडं आहे. ती भांड्यानं डब्यात ज्वारी ओतत होती आणि मी डबा तिरका धरून उभी होते. शेवटचं भांडं भरलं, आणि ओतायच्या आधी तिचा हात आत गेला, मूठ भरली आणि पिंपात रिकामी झाली. ओठ हलले. शब्द ऐकू आले नाहीत. मी तिच्या हाताकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं तशी ती थोडी ओशाळली आणि पुन्हा पिंपात हात घालायला लागली. मी झाकण लावलं.

डबा घेऊन दोघी गिरणीत गेलो. चक्की चालू होती, त्यामुळे रांगेत कुणी काही विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं. गिरणीवाल्यांनी डबा काट्यावर ठेवला, आकडा बघितला आणि माझ्या कानाशी वाकून ओरडले, "ताई, पाचाला थोडी कमी भरतेय."

"असू द्या," मी म्हणाले, "आईनं मूठभर मागं ठेवलीय."